फादर काय देणार?

नगर जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात नेमणूक झालेल्या धर्मगुरूला सेमिनरीत शिकलेले बरेचसे शास्त्र काही काळ फडताळात ठेवावे लागते आणि एका साध्या प्रश्नाला सामोरे जावे लागते. घरभेटीला जावे, अंथरलेल्या घोंगडीवर बसावे, गुळाचा चहा यावा, लेकराबाळांची विचारपूस व्हावी आणि मग घरातील कर्त्या पुरुषाने घसा खाकरून विचारावे, ‘‘फादर, औंदा काय देणार?’’ कधी छपरासाठी पत्रे, कधी विहिरीवरची मोटार, कधी मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणाची फी. विचारणाऱ्याच्या स्वरात लाचारी क्वचितच असते. मृग कधी लागणार, असे विचारावे तितक्या सहजतेने तो विचारतो. फादर म्हणजे देणारे, ही त्याच्या जगाची घडण आहे. आणि ती घडण त्याने एकट्याने केलेली नाही.

ती कशी झाली, हे आपल्या समाजाने एकदा नीट आठवून पाहायला हवे. १८७६–७८ चा दुष्काळ आणि त्यानंतरचा छप्पन्नचा दुष्काळ (१८९९–१९००) या काळात मिशनरी मंडळींनी माणसे जगवली, अनाथ लेकरे सांभाळली, शाळा काढल्या. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. मी तेव्हा दोन वर्षांचा होतो. आई सांगत असे, की मला लुगड्याच्या झोळीत निजवून ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जाई. रेशनवर लाल मिलो मिळे, कामावर सुकडी मिळे आणि मिशनच्या कंपाउंडात पावडरीचे दूध वाटले जाई. त्या दुधावर माझी हाडे वाढली आहेत. तेव्हा त्या दानाविषयी उणा शब्द काढण्याचा अधिकार मला नाही आणि तशी इच्छाही नाही. उपाशी मुलाला आधी दूधच पाजावे लागते. त्याच्यापुढे स्वावलंबनावर व्याख्यान देणारा मनुष्य निष्ठुर म्हणावा लागेल.

पण दुष्काळ सरला आणि वाटप काही सरले नाही. देणारा ओट्यावर आणि घेणारा अंगणात, अशी एक बैठक ठरून गेली. काय हवे ते देणाऱ्याने ठरवायचे, कुठे हवे तेही त्यानेच ठरवायचे, आणि घेणाऱ्याने यादीत आपले नाव आहे की नाही एवढेच पाहायचे. माझ्या एका जुन्या धर्मग्रामात परदेशी मदतीतून खोदलेली एक विहीर होती. बांधकाम पक्के, पाणीही बऱ्यापैकी. तिच्यावरची मोटार जळाली आणि सात वर्षे तशीच पडून राहिली. दुरुस्तीला लागणारी रक्कम वाडीतल्या दहा घरांनी मिळून सहज उभी केली असती. त्याच वाडीत एका लग्नाच्या वरातीत तिच्या चौपट रक्कम खर्च झालेली मी पाहिली आहे. कारण विचारले तेव्हा उत्तर मिळाले, ‘‘ती फादरांची विहीर हाये.’’ या चार शब्दांत ग्रामविकासाच्या कित्येक जाड अहवालांपेक्षा अधिक शहाणपण आहे, असे मला वाटते. विहिरीचा खर्च झाला होता, दगड लागला होता, पाणीही लागले होते. पण ती गावाची झाली नव्हती.

येथे फादर हर्मन बाखर यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या या येशूसंघीय धर्मगुरूने आपले जवळजवळ सारे आयुष्य नगर जिल्ह्याच्या (२०२४ पासून त्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे) कोरड्या मातीत घालवले. २०२१ मध्ये त्यांचे देहावसान झाले. विहिरी, पंप आणि कर्जे यांच्या मागे पुष्कळ वर्षे खर्ची घातल्यावर त्यांच्या एक गोष्ट ध्यानी आली, की विहिरी वाढत गेल्या आणि पाणी मात्र खोल गेले. डोंगर बोडका असेल तर पायथ्याच्या विहिरीत पाणी येणार कुठून? एक हेक्टर जमिनीवर नुसता दहा मिलिमीटर पाऊस पडला तरी ते एक लाख लिटर पाणी होते. आपल्याकडे ते तासाभरात माती घेऊन ओढ्यातून निघून जाते. म्हणून काम डोंगरमाथ्यापासून सुरू व्हायला हवे होते. आणि माथा ते पायथा हे काम कोणा एका शेतकऱ्याचे असूच शकत नाही. माथ्यावर गायरान आणि वनखात्याची जमीन, मधल्या उतारावर गरिबांची बरड, खाली सधनांच्या काळ्या जमिनी. पाणी अडवायचे तर आधी या सगळ्यांना एकत्र बसवायचे, म्हणजे पाण्याचा प्रश्न मुळात नात्यांचा प्रश्न ठरला. जर्मनीचे साहाय्य आणि नाबार्डचा सहभाग यांतून इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला, आणि त्याच्या पाठबळासाठी १९९३ मध्ये फादर बाखर व क्रिस्पिनो लोबो यांनी वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था स्थापन केली.

या कार्यक्रमातील मला सर्वांत भावलेली गोष्ट म्हणजे त्याचा उंबरठा. गावाला योजना हवी असेल तर गावातील प्रत्येक घराने आधी चार दिवस विनामोबदला श्रमदान करायचे. अर्ज, शिफारस, आमदारांचे पत्र यांपैकी काहीही त्याऐवजी चालत नसे. शिवाय कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी गावाने ग्रामसभेत मान्य करायची. मुख्य काम सुरू झाल्यावरही अकुशल मजुरीच्या सुमारे सहाव्या हिश्श्याइतके श्रम गावाचे. पैसा गावाने निवडलेल्या पाणलोट समितीच्या खात्यात येई आणि तो समितीच्या व सहायक संस्थेच्या संयुक्त सह्यांवर निघे. हे वाचताना कोणास वाटेल, की गरिबाकडून फुकट काम करून घेण्याची ही चांगली युक्ती आहे. मलाही आक्षेप घेणारे भेटले आहेत, आणि त्यांचा आक्षेप अगदीच पोकळ नाही. ज्याच्या घरी रोजच्या मजुरीवर चूल पेटते त्याचे चार दिवस आणि बागायतदाराचे चार दिवस सारखे नसतात. आमच्या गावात हे पहिल्याच दिवशी दिसले. एका मोठ्या शेतकऱ्याने स्वतःऐवजी सालगडी पाठवला. त्या सालगड्याचे घर वेगळे मोजायचे की मालकाचेच धरायचे, यावर डोंगरावर, हातात टिकाव-फावडी घेऊन, तासभर वाद झाला. शेवटी ठरले, की माणूस घरचाच हवा. दुसऱ्या दिवशी त्या शेतकऱ्याचा कॉलेजात जाणारा मुलगा आला आणि सालगड्याच्या शेजारी उभा राहून चर खोदू लागला. त्याच्या हाताला फोड आले. ते सालगड्याच्या बायकोने पाहिले आणि हळद आणून लावली. चार दिवसांच्या श्रमदानातून खोदल्या गेलेल्या चरांची लांबी फारशी नव्हती. पण त्या गावात त्या दोन घरांनी एकाच ओळीत उभे राहून काम केल्याचे म्हाताऱ्यांनाही आठवत नव्हते.

पुढची पायरी शिवारफेरीची. तांत्रिक माणसाने कार्यालयात बसून नकाशावर रेघा मारायच्या, ही सरकारी कामाची जुनी रीत. येथे प्रत्येक गट नंबरावर जायचे, जमिनीचे मालक नवरा-बायको दोघांनाही बांधावर बोलवायचे आणि त्यांच्याशी बोलून बांध कुठे, सांडवा कुठे, कोणती झाडे लावायची हे ठरवून कागदावर लिहायचे. नवरा सांगे, ‘‘बांध हितं घाला.’’ बायको हळूच म्हणे, ‘‘तिथं पाणी साचतंय, गुदस्ता बाजरी पिवळी पडली.’’ आणि बहुतेक वेळा तिचे खरे निघे, कारण खुरपणीला तीच वाकलेली असते. समपातळी काढण्यासाठी पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरत. तिच्या दोन टोकांना दोन माणसे लागतात. सातवी नापास झालेली पोरे चार दिवसांत त्या नळीवर इतकी तयार झाली, की शेजारच्या गावांतून त्यांना बोलावणी येऊ लागली.

आता अवघड भागाकडे येतो. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीचे नाव या संदर्भात देशाबाहेरही पोहोचले आहे. २००५ च्या एका जागतिक अहवालात त्या गावाची हकीकत दिलेली आहे. १९९६ च्या सुमारास तेथे शेतीत वर्षाला तीन-चार महिन्यांचेच काम मिळे, उन्हाळ्यात टँकरवर जगावे लागे आणि माणसे पोटासाठी बाहेर जात. पाणलोटाचे काम झाल्यावर तेच काम नऊ-दहा महिन्यांवर गेले. पण त्या आरंभीच्या दिवसांत मेंढपाळ कुटुंबांचा कामाला विरोध होता, हे सांगायला आपण विसरतो. डोंगर चराईला बंद झाला तर मेंढरे कुठे न्यायची? त्यांचा विरोध आडमुठेपणाचा नव्हता. सगळ्या गावाच्या पाण्यासाठी त्यांच्या एकट्याच्या ताटातली भाकरी काढून घेतली जात होती. तेथे वाटाघाटी करून डोंगर एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा मार्ग निघाला, तेव्हा काम पुढे गेले.

आमच्या गावात मेंढपाळांच्या जागी आपली माणसे होती. दीडशे उंबऱ्यांच्या गावात आपली अठ्ठावीस घरे, आणि त्यांतील फक्त सहा घरांना जमीन, तीही माळाची. बाकीच्यांचा आधार म्हणजे मजुरी, दसऱ्यानंतर ऊसतोडीचा कोयता, आणि शेळ्या. गरिबाची शेळी म्हणजे त्याची बँक असते. मूल आजारी पडले, शाळेची फी आली, की एक बोकड बाजारात जातो. चराईबंदीचा ठराव येणार म्हणताच वाडीत घबराट झाली. मी तेव्हा नुकताच दीक्षा घेतलेला सहायक धर्मगुरू. आठ-दहा माणसे चर्चच्या ओसरीवर आली आणि म्हणाली, ‘‘फादर, तुमी सरपंचाला सांगा. तुमचा शब्द त्यो मोडायचा न्हाई.’’

सरपंचाने माझा शब्द खरोखरच मोडला नसता. माझ्याबरोबर सहायक संस्थेचा एक कार्यकर्ता होता. तो त्यांना म्हणाला, की फादर सांगतील आणि सरपंच ऐकतीलही. पण फादरांची बदली झाल्यावर काय? मग त्याने एक साधी गोष्ट केली. त्याने जमिनीवर खडूने डोंगर काढायला सांगितले. कोणत्या महिन्यात शेळ्या कोणत्या बाजूला चरतात, गवत कुठे आधी येते, बाभळीच्या शेंगा कधी गळतात, हे बायकांनी गोट्या, शेंगा आणि काड्या मांडून दाखवले. दोन संध्याकाळी हे चालले. तिसऱ्या दिवशी त्यांच्याजवळ गाऱ्हाणे उरले नव्हते, प्रस्ताव होता. डोंगराचे तीन भाग करा, दोन बंद ठेवा, एक उघडा. बंद भागातले गवत कापून नेण्याचा पहिला हक्क भूमिहीनांचा, आणि तो नाममात्र दराने. चरांच्या कामावर बाईला आणि गड्याला मोजमापाप्रमाणे सारखीच मजुरी.

सभा मारुतीच्या देवळात भरायची होती. आपली माणसे आजवर तेथे पायरीवर बसत. ही गोष्ट कोणी मुद्दाम बोलून दाखवत नसे, पण सर्वांना ठाऊक होती. कार्यकर्त्याने ‘जागा अपुरी पडेल’ एवढेच कारण सांगून सभा चावडीपुढच्या मोठ्या लिंबाखाली घेतली. तेथे सर्वांनाच जमिनीवर बसावे लागले. ठराव आला. मी बोलणार असे समजून गाव माझ्याकडे पाहू लागले. तेवढ्यात आमच्या वाडीतली एक साठीची आजी, जी मिस्सेला नेहमी शेवटच्या रांगेत बसे आणि माझ्याशी बोलतानाही पदर तोंडावर घेई, ती उठून उभी राहिली. ‘‘फादर, तुमी बसा. शेळ्या आमच्या हायेत, आमी बोलतो.’’

ती बोलली. अडखळत, मध्येच थांबत, पण बोलली. बांधावरून तिच्या शेळीला काठी मारणारा मनुष्य समोरच बसला होता. त्याला उद्देशून ती म्हणाली, ‘‘दादा, डोंगर हिरवा झाला तर तुमच्या हिरीला पानी येईल. आमाला हीर न्हाई. मग आमाला गवत तरी द्या.’’ इतक्या थोड्या शब्दांत वाटपाचा न्याय मांडलेला मी पुन्हा ऐकला नाही. गवताची आणि तीन भागांची मागणी तीन सभांनंतर मान्य झाली. सारख्या मजुरीवर महिनाभर कुरबुर चालली. अखेर मोजमाप-वहीत नाव कुटुंबाचे न लिहिता प्रत्येकाचे स्वतंत्र लिहायचे ठरले, आणि तो वाद आपोआप मिटला.

आता हे सर्व काही एखाद्या चमत्काराने घडले असे कोणी समजू नये. आदल्या सहा-आठ महिन्यांत तो कार्यकर्ता गावात नुसता राहिला होता. लग्नाला गेला, मयतीला गेला, कीर्तनात बसला, आपल्या तमझाईच्या संध्याकाळी माळेच्या प्रार्थनेलाही आला, जरी तो स्वतः ख्रिस्ती नव्हता. कोणाचे कोणाशी बोलणे बंद आहे, कोणत्या दोन भावकींत बांधावरून कोर्टकचेरी चालली आहे, कोणाच्या घरी गेल्याने कोण रागावतो, हे त्याला ठाऊक झाले होते. अहवालात या महिन्यांची नोंद ‘पूर्वतयारी’ अशा एका शब्दात होते. देणगी देणाऱ्या संस्थांना हा काळ नेहमी लांब वाटतो. त्यांना मीटर आणि हेक्टर हवे असतात. माझ्या मते याच महिन्यांत काम होते, बाकी सारे खोदकाम.

पुण्यात सेमिनरीत असताना कॅनडातील अँटिगोनिशच्या चळवळीविषयी वाचले होते. या दिवसांत ते नव्याने कळू लागले. नोव्हा स्कोशिया प्रांताच्या पूर्व किनाऱ्यावरचे कोळी विसाव्या शतकाच्या आरंभी व्यापाऱ्यांच्या कर्जात बुडालेले होते. जाळे व्यापाऱ्याचे, मीठ व्यापाऱ्याचे, माशाचा भावही व्यापाऱ्याने ठरवलेला. फादर जिमी टॉम्पकिन्स हे सेंट फ्रान्सिस झेवियर विद्यापीठातले विद्वान गृहस्थ. लोकांपर्यंत ज्ञान नेले पाहिजे, असे सांगणारी एक पुस्तिका त्यांनी १९२१ मध्ये काढली. पुढे त्यांना कॅन्सो या दरिद्री मासेमारी बंदरात पाठवण्यात आले. तेथे त्यांनी मदतनिधी काढला नाही. ते धक्क्यावर, दारात, रस्त्यात माणसांना गाठून प्रश्न विचारत. तुमच्या माशाचे पुढे काय होते? बॉस्टनच्या बाजारात त्याला काय भाव येतो? तुमच्यापैकी कोणी तो शोधून काढील काय? १९२७ मध्ये तेथल्या कोळ्यांनी जाहीर सभा घेऊन आपले गाऱ्हाणे मांडले. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. १९२८ मध्ये विद्यापीठाने विस्तार विभाग स्थापन केला आणि त्याची सूत्रे टॉम्पकिन्स यांचे नातलग फादर मोझेस कोडी यांच्याकडे आली.

कोडी हे धिप्पाड, गडगडाटी आवाजाचे वक्ते. गावात मोठी सभा घ्यायची, माणसांना हलवून सोडायचे, आणि मग सभेतूनच लहान लहान अभ्यासमंडळे बांधायची, अशी त्यांची रीत होती. ही मंडळे कोळ्यांच्या आणि खाणकामगारांच्या स्वयंपाकघरांत, चुलीभोवती बसत. थंडीच्या रात्री आठ-दहा शेजारी जमत. एखाद्याला वाचता येई, तो मोठ्याने वाचे, बाकीचे हिशेब करत. त्या स्वयंपाकघरांतून पतपेढ्या निघाल्या, सहकारी दुकाने निघाली, कोळ्यांनी स्वतः लाकूड तोडून लॉबस्टर डबाबंद करण्याचे कारखाने उभारले. रिझर्व्ह माइन्स येथील खाणकामगारांनी १९३०–४० च्या दशकात सहकारातून स्वतःची घरे बांधली, तीही आधी घरबांधणीचा अभ्यास करून. कोडी यांच्या १९३९ च्या पुस्तकाचे नावच आपल्या नशिबाचे धनी आपणच, अशा अर्थाचे आहे. १९५९ मध्ये त्यांच्या नावाने तेथे आंतरराष्ट्रीय संस्था निघाली आणि आपल्या देशातील अनेक धर्मगुरू व धर्मभगिनी तेथे शिकून आल्या.

वसईच्या वाचकांना हे ऐकून फारसे नवल वाटणार नाही. मोन्सिन्योर मोनीस यांनी १९१८ मध्ये लावलेल्या पतपेढीच्या रोपाचाच आज बॅसीन कॅथॉलिक बँक हा वृक्ष झाला आहे. सावकाराच्या दारातून शेतकऱ्याला सोडवण्याचा तो मार्ग कॅन्सोच्या आधीचा आहे. आपण परदेशी उदाहरणे चटकन सांगतो आणि घरची विसरतो, एवढेच.

पण नाव, इमारत आणि उलाढाल वाढली म्हणजे मूळ काम टिकले असे होत नाही. कॅनडातील कोळ्यांचा मध्यवर्ती सहकारी संघ १९३० मध्ये स्थापन झाला आणि १९८८ मध्ये कर्जबाजारी होऊन बंद पडला. अशा संस्था बुडण्याची कारणे बाजारातही असतात, हे खरे. तरीही मला वाटते, की स्वयंपाकघरातली बैठक संपून केवळ वार्षिक सभा उरते, तेव्हाच कुठेतरी पहिली भेग पडते. सभासद मग ग्राहक होतो. तो विचारतो, यंदा लाभांश किती देणार?

आमच्याकडेही हे झाले आहे. पाणलोटाचे काम संपल्यावर पाचेक वर्षे विहिरींना चांगले पाणी राहिले. कांदा आला, कांद्याबरोबर लागवडीची आणि काढणीची मजुरी आली. पूर्वी नाताळच्या मिस्सेला आपली निम्मी घरे कुलूपबंद असत. माणसे साखर कारखान्यांच्या तळावर, पाचटाच्या कोपीत नाताळ करत. ती एक एक करून गावात थांबू लागली. शेळ्या कमी झाल्या. पाच घरांनी गवताच्या जिवावर गाई घेतल्या. मग पाणी दिसताच बोअर आले. आधी दोनशे फूट, मग चारशे, मग सहाशे. बोअर न घेण्याचा ठराव झालेला होता, पण ज्या सभेने तो केला ती सभाच भरेनाशी झाली होती. कार्यक्रम संपला, समितीच्या खात्यात पैसा उरला नाही, सह्या करायला कोणी जमेना. २०१२–१३ च्या दुष्काळात गावाला पुन्हा टँकर लागला. ज्यांनी बोअर घेतले ते सारे वाईट होते, असे नाही. प्रत्येकाने आपल्या पिकापुरता विचार केला. एकत्र विचार करण्याची जागा तेवढी मोडून पडली होती.

बचत गटांचीही कथा अशीच दुहेरी आहे. दहा-वीस बायकांनी दर आठवड्याला थोडे पैसे टाकायचे, सहा महिने आपापसांत कर्ज देऊन परस्परांची पारख करायची आणि मग बँकेकडे जायचे. नाबार्डने १९९२ मध्ये गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला तेव्हा त्यामागे हा विचार होता. आमच्या वाडीतल्या पहिल्या गटाने दिलेले पहिले कर्ज कोणते, तर एका बाईच्या नवऱ्याच्या दारूपायी गहाण पडलेले जोडवे सोडवण्याचे. ते पैसे तिने फेडले, कारण तिला उसने देणाऱ्या बायका पाणवठ्यावर रोज भेटत. आज दारात गाडीवरून येणाऱ्या कंपन्यांची कर्जेही ‘गटा’ला मिळतात, आणि त्या गटात बायका एकत्र बसतात त्या फक्त हप्ता भरायला. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या तिच्या दारात उभ्या राहतात. शब्द तोच आहे. पण पहिल्या गटात शेजारीण म्हणजे आधार होता, दुसऱ्यात ती तारण झाली आहे. गेल्या दोन वर्षांत या हप्त्यांपायी दोन घरे रातोरात गाव सोडून गेलेली मी पाहिली. त्यांच्या घरी जाऊन धीर देण्याची संधीही मिळाली नाही.

प्रभू येशूने पाच हजारांना जेवू घातले, ती कथा आपण दरवर्षी ऐकतो आणि चमत्कारावर प्रवचन करतो. त्यात आधी प्रभूने शिष्यांना काय विचारले, तिकडे माझे लक्ष अलीकडे अधिक जाते. तुमच्याजवळ भाकरी किती आहेत, ते जाऊन पाहा, असे त्याने सांगितले. मोजणी आधी झाली. पोप अकरावे पायस यांनी १९३१ च्या आपल्या परिपत्रकात जे तत्त्व घालून दिले, की लहान समूहाला जे करता येते ते मोठ्याने त्याच्या हातून काढून घेणे अन्यायाचे आहे, ते मला याच प्रश्नाचे शास्त्रीय रूप वाटते. धर्मगुरूलाही ते लागू आहे. सधन दात्याशी ओळख असलेला धर्मगुरू आपल्या धर्मग्रामातील पुष्कळ गोष्टी एका पत्राने करून टाकू शकतो, आणि त्या करून टाकण्यात मोठे सुख असते. उद्घाटनाला हार मिळतो, कोनशिलेवर नाव येते. त्या सुखापासून दूर राहणे हे ब्रह्मचर्याच्या व्रताइतकेच अवघड आहे, असे मी माझ्या तरुण सहकाऱ्यांना थट्टेने सांगतो, ते हसतात.

बदल्यांच्या फेऱ्यातून चार वर्षांपूर्वी मी पुन्हा याच धर्मग्रामात आलो, या वेळी प्रमुख धर्मगुरू म्हणून. ती आजी आता नाही. तिची नात ग्रामपंचायतीत सदस्य आहे. महाराष्ट्रात पंचायतींत स्त्रियांना निम्म्या जागा राखीव झाल्यापासून अशा पुष्कळ जणी दिसतात, काही नावापुरत्या, काही खऱ्या. ही खऱ्यांतली आहे. तिने समितीची जुनी वही शोधून काढली, गवताचा दर पुन्हा ठरवून घेतला आणि मागच्या ऑक्टोबरपासून महिन्यातून एकदा त्याच लिंबाखाली बैठक सुरू केली. कधी पंचवीस माणसे येतात, कधी सहा. मी बोलावले तर जातो आणि कडेला बसतो. चरांमध्ये गाळ भरला आहे. पावसाळ्याआधी तो काढायचा आहे. प्रत्येक घरामागे दोन दिवस धरले तर काम पुरे होईल, असे त्यांनी डोंगरावर जाऊन मोजले आहे. ऊसतोडीवरून मे महिन्यात परतणाऱ्या आठ घरांचे दिवस कधी धरायचे, आणि बोअर असलेल्यांनी दोनऐवजी चार दिवस द्यावेत काय, यावर मागच्या बैठकीत बराच आवाज चढला. पुढची बैठक येत्या गुरुवारी आहे.